सिमेंटचे पत्रे उतरवून घेतले: भोसरीतल्या आमच्या शेडचा अनुभव

आमची शेड भोसरी एमआयडीसीत, जे ब्लॉकमध्ये आहे. प्रेस टूल, म्हणजे पत्र्यातून भाग काढायच्या डाय, बनवतो, छोटे प्रेस पार्ट्स काढतो, माणसं अकरा. सासऱ्यांनी १९८८ साली शेड बांधली तेव्हा आजूबाजूला सगळे घालत होते तेच पत्रे त्यांनी घातले. सिमेंटचे, राखाडी, नागमोडी, आत अ‍ॅस्बेस्टॉसचे, म्हणजे छातीत गेले तर आजार करणारे, बारीक खनिज तंतू असलेले. गंज नाही, उन्हात लोखंडी पत्र्यासारखे तापत नाहीत, खिशाला परवडले. इतकी वर्षं त्यांनी इमानानं काढली. गेल्या दोन पावसाळ्यांत मात्र डांबरी वायसर सुकले, हुकांच्या भोकांतून धार लागायला लागली आणि सर्फेस ग्राइंडरवर ताडपत्री टाकून काम करायची वेळ आली. मग पत्रे बदलायचं ठरलं.

आमचा नेहमीचा फॅब्रिकेटर आला, खालूनच वर बघितलं आणि म्हणाला, "ताई, दोन दिवसांत साफ करून देतो. उतरवायचे पैसे नकोत, उलट नगामागे ऐंशी रुपये मीच तुम्हाला देईन." बहात्तर पत्रे होते. म्हणजे पाच हजार सातशे साठ रुपये हातात आणि काम फुकट. मी विचारलं, जुने पत्रे नेऊन करणार काय? म्हणाला, गिऱ्हाईक तयार असतं, गोठ्याला लागतात, टपरीला लागतात, फुटके असले तर खड्ड्यात भर घालायला.

त्या "फुटके असले तर" पाशी मी थांबले. त्याचं कारण सांगायला थोडं मागे जावं लागेल.

माझे वडील, आम्ही त्यांना अप्पा म्हणायचो, परळच्या एका गिरणीत बॉयलर खात्यात होते. वाफेच्या पायपांवर लॅगिंग, म्हणजे उष्णता धरून ठेवणारा थर, चढवायचं काम. अ‍ॅस्बेस्टॉसची पांढरी पूड ड्रममध्ये पाण्यात कालवायची, हातानं गिलाव्यासारखी पायपावर थापायची, वरून कापडी पट्टी गुंडाळायची. जुनं लॅगिंग काढायचं तर हातोडीनं फोडून. घरी आले की शर्टाच्या शिवणींत पांढरं बसलेलं असायचं आणि आई चाळीच्या गॅलरीत उभी राहून तो शर्ट झटकायची. आम्ही पोरं तिथेच खेळत असायचो. १९८२ च्या संपात अप्पांची नोकरी गेली. पुढे बऱ्याच वर्षांनी दम लागायला लागला तेव्हा डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडाला धरून पहिला प्रश्न विचारला, काय काम करत होतात? आणि कुठल्या खात्यात, किती वर्षं, कशाच्या धुळीत, याचा एकही कागद आमच्याकडे नव्हता. गिरणीकडेही नव्हता.

म्हणून मी फॅब्रिकेटरला थांब म्हटलं आणि हे पत्रे नीट काढणारं कुणी आहे का ते शोधायला लागले. तीन ठिकाणी फोन केले. एकानं फोटो मागवून व्हॉट्सअ‍ॅपवरच भाव पाठवला. दुसऱ्यानं "आमची माणसं मास्क घालतात" एवढंच सांगितलं. तिसऱ्यांनी विचारलं, शेडमध्ये अजून काय काय जुनं आहे? भट्टी आहे का, प्रेस किती सालचे आहेत, इलेक्ट्रिकचं पॅनेल बदललंय का? पुढे काम या तिसऱ्यांनाच दिलं. कंपनीचं नाव इथे घालत नाही, कारण जे चुकलं तेही लिहिणार आहे आणि हा एकाच कामाचा अनुभव आहे. पण अशी सेवा घ्यायची असेल तर कशाकडे बघायचं, ते यातून कळेल.

पाहणीला दोघं आले. एक तिशीची मुलगी, औद्योगिक आरोग्याचं काम करणारी, सायनच्या केंद्रीय श्रम संस्थेत प्रशिक्षण घेतलेली. दुसरे सुपरवायझर, पन्नाशीचे, बार्शीकडचे. माझी समजूत होती की तासाभराचं काम. ते सकाळी दहाला आले आणि दुपारी साडेतीनला गेले. पत्र्याचा नमुना घेताना तिनं आधी कोपऱ्यावर साबणाच्या पाण्याचा फवारा मारला, पक्कडीनं नखाएवढा तुकडा तोडला, पिशवीत घालून ती पिशवी दुसऱ्या पिशवीत घातली, आणि तुटलेल्या जागी लगेच रंगाचा हात दिला. मी म्हटलं, सिमेंटचा पत्रा आहे हे दिसतंच आहे, तपासायला कशाला हवा? ती म्हणाली, बहुतेक पांढरा अ‍ॅस्बेस्टॉस निघेल, पण जुन्या मालात कधी निळा किंवा तपकिरी मिसळलेला असतो आणि तो जास्त वाईट, म्हणून अंदाजावर सोडायचं नाही. आमच्यात पांढराच निघाला, क्रायसोटाइल. असे पत्रे म्हणजे नव्वद टक्के सिमेंट, तंतू आठ-दहा टक्के. ऐकायला कमी वाटतं. पण आमचा एक पत्रा चाळीसेक किलोचा, बहात्तरांचे मिळून जवळजवळ तीन टन. म्हणजे डोक्यावर अडीचशे किलोच्या आसपास अ‍ॅस्बेस्टॉस.

तो पत्र्यात घट्ट बसलेला असतो तोवर फारसा त्रास देत नाही, हेही तिनंच सांगितलं. घाबरवून काम मिळवायचा सूर तिच्या बोलण्यात कुठेही नव्हता. पत्रा फोडला, कापला, ड्रिल मारलं, कोरडा घासला, उंचावरून टाकला की तंतू सुटतात. खरं तर आमचे पत्रे आणखी दोन वर्षं वायसर बदलून आणि रंगाचा थर देऊन चालले असते, असंही तिनं सांगून टाकलं. पैसे घ्यायला आलेल्या माणसानं हे सांगणं मला मोठं वाटलं.

आणि मग ती प्रेसपाशी गेली.

आमच्याकडे दोन जुने सी-फ्रेम पॉवर प्रेस आहेत, एक पन्नास टनी, एक तीस टनी, दोन्ही सासऱ्यांच्या काळातले. क्रँकच्या टोकाला ब्रेक असतो, त्याला आतून लायनर, म्हणजे घासून थांबवणारं अस्तर, रिव्हेट केलेला. लायनर घासला की त्याची भुकटी तिथेच साठते आणि ब्रेक घसरायला लागतो. प्रेसवर ब्रेक घसरला तर हात जातो, त्यामुळे दर महिन्याला तो साफ करायचाच, ही आमच्याकडची शिस्त. बाळूदादा ते करतात, एकोणीस वर्षं झाली. तिनं विचारलं, कसं साफ करता? बाळूदादांनी सरळ एअर गन दाखवली. कव्हर काढायचं, हवेचा फवारा मारायचा, भुकटी उडून गेली की झालं.

ती थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग तिनं लायनरचा नमुना घेतला, कपाटात पडलेल्या जुन्या स्पेअर लायनरचाही घेतला. दोन्हींत क्रायसोटाइल निघाला आणि पत्र्यापेक्षा कितीतरी जास्त प्रमाणात. सिमेंटचा पत्रा वर गप्प बसलेला, आणि खाली आम्ही दर महिन्याला एअर गननं तेच तंतू शेडभर उडवत होतो. तेही नियम पाळतोय या समाधानात.

मी त्या वेळी म्हटलं, एकदा एअर गन मारून दाखवू का, तुमच्या यंत्रावर किती येतं ते तरी कळेल. ती म्हणाली, "नाही ताई. मोजण्यासाठी कुणाच्या छातीत घालायचं नाही. आजपासून बंद, एवढंच." त्याच क्षणी मी हे काम त्यांनाच द्यायचं ठरवलं. दर अजून आलाही नव्हता.

दर आला तो एक लाख पंच्याऐंशी हजार, वर जीएसटी. त्यात पाहणी, नमुन्यांची तपासणी, पत्रे उतरवणं, छपराच्या कैच्या आणि पर्लिनवरची (पत्र्याखालच्या आडव्या पट्ट्यांवरची) जुनी धूळ काढणं, हवेचं मोजमाप, वाहतूक आणि विल्हेवाट, सगळं आलं. नव्या पत्र्यांचा खर्च वेगळा. माझे मिस्टर आकडा ऐकून गप्प झाले. फॅब्रिकेटर पैसे देत होता आणि हे घेत होते. आमच्या आकाराच्या कारखान्याला ही रक्कम जड आहे, हे लपवत नाही. एका डायचे पैसे येणार होते ते थांबवून आम्ही हे केलं.

काम तीन दिवस चाललं, बुधवार ते शुक्रवार. गुरुवारी एरवीही सुट्टीच असते, बाकीचे दोन दिवस भरपगारी सुट्टी दिली. आमची माणसं शेडमध्ये नकोत ही त्यांची अट होती. मी मात्र फाटकाबाहेर खुर्ची टाकून बसले.

पहिल्या दिवशी सकाळी पत्र्याला कुणी हातच लावला नाही. आधी मास्क बसवून बघायचा कार्यक्रम. सहा कामगार होते. प्रत्येकाला रबरी अर्धमुखवटा, दोन्ही बाजूंना गुलाबी चपटे फिल्टर. मग डोक्यावर पारदर्शक टोप घालून आत सॅकरीनचा फवारा मारायचा. आधी मास्कशिवाय, चव लागते का बघायला. नंतर मास्क घालून तोच फवारा, आणि त्या माणसानं मान इकडेतिकडे वळवायची, वर-खाली करायची, वाकायचं, मोठ्यानं बोलायचं. "गोड लागलं का?" नाही म्हटला तर मास्क बसला. एक वीस-बावीस वर्षांचा मुलगा होता, नीट कोरलेली दाढी राखलेला. त्याला लगेच गोड लागलं. पट्टे आवळले, तरी लागलं. रबराच्या कडेखाली केस आले की फट राहते, तिथून तंतू आत जातो. सुपरवायझरनी स्वतःच्या पिशवीतून नवा रेझर काढून दिला. मुलाचं तोंड उतरलं, पुढच्या महिन्यात त्याच्या बहिणीचं लग्न होतं. सुपरवायझर त्याला ओरडले नाहीत. खांद्यावर हात ठेवून नळापाशी घेऊन गेले, म्हणाले, "लग्नापर्यंत परत येते बाळा. फुफ्फुस नाही येत." दाढी काढून आल्यावर पुन्हा टोप, पुन्हा फवारा. गोड लागलं नाही.

अप्पा तोंडाला रुमाल बांधायचे. मला तो रुमाल आठवत राहिला, निळ्या चौकड्यांचा.

उतरवायची पद्धत सांगते, कारण फरक तिथेच आहे. पत्र्यावर कुणीही चढलं नाही. सिमेंटचा जुना पत्रा वजनानं तुटतो आणि माणूस थेट खाली येतो, अशा पडण्यानं माणसं जातात. त्यांनी आतून परांची बांधली, तिच्यावर फळ्या, खाली जाळी. पत्रा दोन्ही बाजूंनी हलक्या फवाऱ्यानं भिजवायचा, पाण्यात थोडा साबण, म्हणजे पाणी आत मुरतं. पत्रा धरून ठेवणाऱ्या जे-हुकांचे नट सगळे गंजलेले. आमचा फॅब्रिकेटर ग्राइंडर लावून क्षणात उडवतो. इथे ग्राइंडरला बंदी. बोल्ट कटरनं हूक तोडायचा, कटरचं तोंड पोचत नसेल तिथे नटच फोडायचा, पण पत्र्याला धक्का नाही. मग चौघांनी पत्रा अख्खा उचलून हातोहात खाली आणायचा आणि जाड प्लॅस्टिकवर आडवा ठेवायचा. दहा-बारा पत्र्यांची चळत झाली की दोनशे मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) प्लॅस्टिकमध्ये दोनदा गुंडाळून, टेपनं बंद करून वर धोक्याची चिठ्ठी. बहात्तरांपैकी चार पत्रे तडकले. प्रत्येक वेळी काम थांबवून तुकडे ओले करून पिशवीत भरले आणि फळी पुसून घेतली. मग पुढे.

कैच्यांवर इतक्या वर्षांची तेलकट काळी धूळ होती. तिला झाडू लावला नाही. खास व्हॅक्यूमनं ओढली, ज्याचा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे कण शंभरातले ९९.९७ पकडतो. घरचा किंवा आमचा शॉपमधला व्हॅक्यूम वापरला असता तर बारीक तंतू मागून पुन्हा हवेत आले असते. ब्रेकची कव्हरंही त्यांनी अशीच साफ करून दिली, ओल्या फडक्यानं पुसून, आणि फडकी कचऱ्यात न टाकता पत्र्यांबरोबर गुंडाळली.

आता चुकलं ते. पहिल्या दिवशी भिजवलेल्या पत्र्यांचं पाणी उतारानं वाहत शेजारच्या प्लॉटच्या उघड्या गटारात जात होतं. मी खुर्चीवरून बघितलं आणि विचारलं, या पाण्यात तंतू नाहीत का? सुकलं की तीच भुकटी होणार ना? सुपरवायझर थांबले, म्हणाले बरोबर आहे. पण वाळूच्या पिशव्या आणि गाळायचं कापड त्यांच्या गाडीत नव्हतं. दीड तास काम बंद ठेवून मागवलं, उतारावर बांध घातला, साचलेलं पाणी गाळून घेतलं आणि गटाराच्या तोंडाशी बसलेला गाळ काढून घेतला. चूक मान्य केली हे चांगलं, पण पाहणीला साडेपाच तास दिलेल्या माणसांना जमिनीचा उतार दिसायला हवा होता. शेजाऱ्यांनाही आधी कळवलं नव्हतं. पांढऱ्या पोशाखातली माणसं बघून पलीकडच्या शेडमधले कामगार घाबरले, त्यांना मीच जाऊन समजावलं. हे त्यांच्या कामात धरलेलं असायला हवं.

हवेच्या मोजमापाबद्दल जरा सविस्तर लिहिते. माझ्या धंद्यामुळे मला त्यात जास्त रस होता आणि सगळ्या खर्चाचा अर्थ तिथेच आहे.

कामगाराच्या पट्ट्याला टेपरेकॉर्डरएवढा पंप, त्याची नळी पाठीवरून खांद्यावर, आणि नळीच्या टोकाची डबी कॉलरपाशी, नाकातोंडाजवळ, तोंड खाली करून. डबीत पांढरा गोल फिल्टर. पंप मिनिटाला दोन लिटर हवा ओढतो, चार तासांत चारशे ऐंशी लिटर. त्याशिवाय शेडच्या कोपऱ्यांत आणि फाटकापाशी स्टँडवर वेगळे पंप. माझ्या खुर्चीपासून चार हातांवर एक होता.

मी लॅब बघायला मागितली आणि त्यांनी आढेवेढे न घेता नेली. फिल्टरचा तुकडा काचपट्टीवर ठेवून त्यावर अ‍ॅसिटोनची वाफ सोडतात, आणि तो पांढरा कागद डोळ्यांदेखत विरघळल्यासारखा पारदर्शक होतो. मग सूक्ष्मदर्शकात शंभर मायक्रॉनचं वर्तुळ, त्यात दिसेल तो तंतू मोजायचा. मोजायचा नियम ठरलेला: लांबी पाच मायक्रॉनपेक्षा जास्त, जाडी तीनपेक्षा कमी, लांबी जाडीच्या निदान तिप्पट. आम्ही एक मिलिमीटर पत्र्याची डाय बनवतो तेव्हा पंच आणि डायमध्ये एका बाजूला पन्नासेक मायक्रॉनची फट ठेवतो, आणि ती फट साधायला आमचा टूलमेकर जीव ओततो. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉनचा. इथे तीनच्या आतली गोष्ट चालली होती. त्या मुलीनं मला एक तंतू दाखवला, काळसर पार्श्वभूमीवर किंचित वाकलेली एक रेघ. मी भिंगातून डोळा काढला तेव्हा समोर नुसती स्वच्छ काच होती. अप्पांच्या शर्टावर जे पांढरं दिसायचं ते तर ढेकळंच म्हणायची. आत जाणारं दिसतच नव्हतं.

आकडे असे. काम करणाऱ्यांच्या कॉलरपाशी सगळ्यात जास्त आलं ते दर घनसेंटिमीटरला ०.०३ तंतू, तेही चार पत्रे तडकले त्या दिवशी. ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे कामगारासाठी मर्यादा ०.१ आहे, आणि ही माणसं तर मास्कच्या आत होती. फाटकापाशी आणि सफाईनंतर शेडमध्ये ०.०१ च्या खाली, म्हणजे ब्रिटनमध्ये जागा पुन्हा वापरायला देताना जो आकडा धरतात त्याच्या आत. त्या मुलीनं एक गोष्ट वेगळी सांगितली: या सूक्ष्मदर्शकात तंतू अ‍ॅस्बेस्टॉसचाच आहे की कापसाचा, ते ठरत नाही, सगळे मोजले जातात, म्हणून यांतले अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू याहून कमीही असू शकतात. आपल्या अहवालाची मर्यादा आपणच सांगणाऱ्या माणसावर माझा विश्वास बसतो.

अहवाल मात्र दहा दिवसांचा वायदा असून चौथ्या आठवड्यात आला. आणि आला तो सगळा इंग्रजीत, बेचाळीस पानं. ज्यांच्या कॉलरला तो पंप लावला होता त्यांतल्या एकालाही तो वाचता आला नसता, आमच्या बाळूदादांनाही नाही. मी फोन करून मराठी प्रत मागितली. आधी टाळाटाळ झाली, मग दोन पानांचं मराठी टिपण आलं, आणि ते चांगलं होतं. कुठे काय सापडलं, काय करायचं नाही, कुणाला विचारायचं. ते मागावं लागू नये. महाराष्ट्रात काम करायचं तर हे पहिल्या दिवशीच करायला हवं, आणि सहा कामगारांपैकी दोघं बिहारचे होते, त्यांच्यासाठी हिंदीतही.

विल्हेवाटीतही ढिलाई झाली. काढून टाकलेला अ‍ॅस्बेस्टॉस घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत येतो. तो भंगारात विकायचा नाही, कचराकुंडीत टाकायचा नाही, खड्ड्यात तर नाहीच. तो प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्या केंद्रावर जातो, आमच्याकडून रांजणगावला. पण तिथली नोंदणी आणि कागदपत्रं काम सुरू व्हायच्या आधी व्हायला हवी होती. ती नंतर सुरू झाली आणि गुंडाळलेले पत्रे पाच आठवडे आमच्या आवारात पडून राहिले. वर ताडपत्री, भोवती दोरी, आणि मी रोज सकाळी प्लॅस्टिक कुठे फाटलंय का ते बघत फिरायचे. एकदा उंदरानं कोपरा कुरतडला होता, लगेच फोन केला, त्याच दुपारी येऊन त्यांनी तिसरा थर गुंडाळला. गाडी गेली तेव्हा मॅनिफेस्टची, म्हणजे कचरा कुठून कुठे गेला याच्या कागदाची, पिवळी प्रत माझ्या हातात दिली. केंद्रावर माल पोचला की तिथून निळी प्रत आपल्याकडे परत येते. ती माझ्याकडे आली आहे. तुम्ही असं काम दिलंत तर शेवटचे पैसे निळी प्रत हातात आल्याशिवाय देऊ नका. मी पंधरा टक्के धरून ठेवले होते आणि त्यांनी त्याला हरकत घेतली नाही.

आपल्याकडे असे पत्रे आजही कायदेशीर आहेत, बनतात आणि विकले जातात. खाणकामाच्या नव्या परवानग्या १९८६ पासून थांबल्या, पण कच्चा माल बाहेरून येतो. ब्रिटननं १९९९ साली पांढऱ्या अ‍ॅस्बेस्टॉसवरही बंदी घातली, ऑस्ट्रेलियानं २००३ च्या अखेरीस. उतरवायला आपल्याकडे वेगळा परवाना लागत नाही, त्यामुळे कुणीही शिडी लावून हातोडी चालवू शकतो. म्हणूनच सेवा देणाऱ्याला प्रश्न विचारायचे ते आपणच. मास्क कुठला, यापेक्षा तो माणसाच्या तोंडाला बसतो की नाही हे कसं तपासता. ग्राइंडर लावणार का. पाणी कुठे जाणार. हवा कोण मोजणार, आणि मोजणारा उतरवणाऱ्याचाच माणूस आहे का? आमच्यात तो त्यांचाच होता, हे मला आता खटकतं. पुढच्या वेळी मोजमाप तिऱ्हाईताकडून घेईन.

शेवटी ती औद्योगिक आरोग्याची मुलगी एका गोष्टीसाठी पुन्हा आली, पैसे न घेता. प्रत्येक कामगाराच्या नावाचा एक कागद. कुठल्या तारखेला, कुठल्या शेडमध्ये, कशावर काम केलं, कॉलरपाशी किती आलं, मास्क कुठला होता. एक प्रत कामगाराला, एक त्यांच्याकडे. सर्वोच्च न्यायालयानं १९९५ साली अ‍ॅस्बेस्टॉस उद्योगातल्या कामगारांबद्दल निकाल दिला होता, त्यात प्रत्येक कामगाराची आरोग्याची नोंद कामाला लागल्यापासून किमान चाळीस वर्षं किंवा काम सोडल्यावर पंधरा वर्षं, जे नंतर येईल तोवर, ठेवायला सांगितलं होतं. इतकी वर्षं कशाला, तर अ‍ॅस्बेस्टॉसचा आजार वीस-तीस-चाळीस वर्षांनी वर येतो. आमचा कारखाना अ‍ॅस्बेस्टॉसचा नाही. तरी तिनं सुचवलं आणि मी बाळूदादांचा कागद बनवून घेतला: २००६ पासून, दर महिन्याला, दोन प्रेसचे ब्रेक, एअर गननं. लिहिताना माझा हात जड झाला, पण जसं झालं तसंच लिहिलं आणि खाली कारखान्याचा शिक्का मारून सही केली.

बाळूदादांना ईएसआयच्या (कामगार विम्याच्या) दवाखान्यात मी स्वतः घेऊन गेले. छातीचा फोटो काढला, फुंकर मारायची तपासणी झाली. डॉक्टरांनी विचारलं, काय काम करता? बाळूदादांनी तो कागद पुढे केला. डॉक्टरांनी पूर्ण वाचला, झेरॉक्स काढून केसपेपरला लावला. सध्या काही नाही, दर वर्षी यायचं आणि बिडी आजपासून बंद, असं सांगितलं. अ‍ॅस्बेस्टॉस आणि धूम्रपान एकत्र आले की फुफ्फुसाच्या कॅन्सरचा धोका कित्येक पटींनी वाढतो, हे त्यांनी बाळूदादांना समजेल अशा शब्दांत सांगितलं. येताना रिक्षात बाळूदादांनी खिशातलं बंडल माझ्या हातात दिलं.

दोन्ही प्रेसना आता अ‍ॅस्बेस्टॉस नसलेले लायनर बसवले आहेत. एअर गन ब्रेकपाशी न्यायची नाही, असं प्रेसच्या खांबावर मराठीत आणि हिंदीत रंगवून घेतलं. वर कलर कोटेड पत्रे आले, मधे चार पारदर्शक, त्यामुळे दिवसा दिवे लावावे लागत नाहीत.

पाहणीत सापडलेली एक गोष्ट अजून बाकी आहे. हार्डनिंगच्या भट्टीच्या दाराला जुनी पांढरी दोरी आहे, तीही अ‍ॅस्बेस्टॉसचीच निघाली. ती काढेपर्यंत दाराला कुणी खरवडायचं नाही असं सांगून ठेवलंय. दिवाळीच्या सुट्टीत भट्टी थंड असेल तेव्हा काढायची. याच लोकांना सांगितलं आहे. पाणी कुठे जाणार ते या वेळी आधी कागदावर आखून घेतलंय, आणि रांजणगावची तारीखही.